'ना' काढून विचार

काळाचौकीच्या त्या चाळीत शांता घाडीच्या नावावरून विनोद प्रत्येकानं एकदा केला आहे. दुसऱ्यांदा कोणी केलेला नाही. संडासाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याला ती सोडत नाही, भाडं नाकारणाऱ्या टॅक्सीवाल्याचा नंबर लिहून घेते, आणि गॅलरीतून पिचकारी मारणाऱ्या एका सद्गृहस्थाकडून तिनं अख्खा जिना धुऊन घेतला होता. बादली तिची, फडका तिचा, पाणीसुद्धा तिनंच भरून दिलं. धुतला मात्र त्यानं. एकसष्ट वर्षांची, अंगानं काटकुळी, एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली ही बाई. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. तो उतरला की समोरच्यानं समजून घ्यायचं.

पण हे तिचे किरकोळ राग. खरा राग एका अक्षरावर आहे. 'ना'वर.

आपण हे अक्षर कुठेही चिकटवतो. जेवलास ना? पोचलीस ना? बरा आहेस ना? विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं. समोरच्यानं फक्त मान हलवायची आणि विचारणाऱ्याला मोकळं करायचं. जेवणाखाणाच्या बाबतीत हे चालून जातं. शांताच्या धाकट्या भावाच्या बाबतीत ते चाललं नाही.

राजाराम बावन्न वर्षांचा होता. लग्न केलं नव्हतं, बहिणीनंही केलं नव्हतं. आई आणि ही दोघं अशी तिघं त्या दहा बाय बाराच्या खोलीत राहायची. चार वर्षांपूर्वी, शेवटचे दोन महिने त्याला झोप नव्हती. दाढी वाढली होती. भजनी मंडळात जीव असलेला माणूस, पण एक दिवस जाऊन आपली टाळजोडी दुसऱ्याला देऊन आला. शांताला काहीतरी खटकलं. खटकलं म्हणून तिनं विचारलंही. एका रविवारी दुपारी, भाकरी थापता थापता, मागे न बघता: "तुझ्या डोक्यात तसलं काही नाही ना रे?"

"नाही गं," राजाराम म्हणाला.

तिला हायसं वाटलं. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. शुक्रवारी राजाराम गेला.

'नाही ना' असं विचारलं, 'नाही' असं मिळालं. जे मागितलं तेच त्यानं बहिणीच्या हातावर ठेवलं. शांता हे वाक्य आजही स्वतःला ऐकवते, आणि ते ऐकवताना तिचा आवाज उतरलेला असतो.

त्या दिवशी सगळी धावपळ कुशाबानं केली. कुशाबा म्हणजे त्याच मजल्यावरचा शेजारी, तीस वर्षं गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. हॉस्पिटल, पोलीस, कागदपत्रं, सगळं त्यानं अंगावर घेतलं, हे शांताही नाकारत नाही. पण संध्याकाळी तो गॅलरीत उभा राहिला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "अॅटॅक आला. कोणी काही विचारू नका." शांताला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या आईचं वय बघ. तिचं हृदय बघ. आणि बिल्डिंगचं नाव बघ." मग खाली जाऊन मंडळाच्या काळ्या फळ्यावर त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन.

शांता आठ दिवस तो फळा बघत होती. नवव्या दिवशी तिनं पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि फळ्यावरचे पहिले तीन शब्द पुसून टाकले. तेव्हापासून कोणी विचारलं, न विचारलं, तरी ती सांगते: "माझ्या भावानं आत्महत्या केली." लोक दचकतात. कोणी म्हणतं, असं बोलू नये. कोणी विषय बदलून पाण्याच्या टायमावर येतं. कुशाबाला ती पूर्वी 'कुशाबादादा' म्हणायची, त्यातला 'दादा' तिनं त्या दिवशी गाळला.

फक्त घरात हा शब्द नाही. आई चौऱ्याऐंशीची, हृदयाचा पंप अर्धाच चालतो असं डॉक्टरनं सांगितलेलं. शांता सगळ्या चाळीशी भांडली, पण उंबऱ्याच्या आत तिनं कुशाबाचंच ऐकलं. आईपुरता तो अॅटॅकच राहिला.

वर्षभरानं तिनं पेपरात वाचलं की परळला एक संस्था आहे, 'ऐकतोय' नावाची, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी फोन चालवते, आणि त्यांना माणसं हवी आहेत. ती गेली. एका ट्रस्टच्या इमारतीचा दुसरा मजला, तीन टेबलं, तीन फोन, एक पंखा. खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे रोज एखादा गाल धरलेला माणूस वर येऊन रांगेत बसतो आणि त्याला समजावून खाली पाठवावं लागतं. संस्था चालवणारा उन्मेष ठाकूरद्वारचा, पस्तिशीतला, मानसशास्त्र शिकलेला, अतिशय सौम्य बोलणारा. इतकं सौम्य बोलणाऱ्या माणसांची शांताला चीड येते. याचीही आली.

प्रशिक्षणाला सोळाजण होते. उन्मेषनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. तो असेल तर आधीपासून असतो. विचारल्यानं त्याला फक्त बोलायला जागा मिळते." सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मग जोड्या लावून सराव सुरू झाला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमच्या मनात आत्महत्येचा वगैरे विचार नाही ना?"

"छान," उन्मेष म्हणाला.

शांता उभी राहिली.

"काय छान? ह्यांनी विचारलं कुठे? ह्यांनी हात जोडले. बाबा रे, नाही म्हण आणि मला सोडव." ती सगळ्यांकडे वळली. "हा 'ना' काढा आणि तो 'वगैरे' काढा. मी माझ्या भावाला असंच विचारलं होतं. तो सभ्य माणूस होता. नाही म्हणाला."

त्या दिवशी उरलेल्या चौदाजणांनीही सराव केला आणि प्रत्येकाच्या तोंडून तो 'ना' निघालाच. निघाला की शांता टेबलावर बोटाचं पेर आपटायची. संध्याकाळपर्यंत पेर सुजलं. उन्मेष सौम्य असला तरी मूर्ख नव्हता. पुढच्या बॅचच्या पुस्तिकेत त्यानं एक अख्खं पान वाढवलं आणि ते पान संस्थेत 'शांताताईंचं पान' म्हणून ओळखलं जातं.

तर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी बारा ते सहा, ती तिथे बसते. फोन करणाऱ्यांना काय काय वाटत असतं! कोणाला वाटतं प्रवचन मिळेल, कोणाला वाटतं पाठोपाठ पोलीस दार वाजवतील, कोणाला वाटतं पलीकडे एखादा सिद्धपुरुष बसलाय आणि तो दोन वाक्यांत सगळं ठीक करेल. यातलं काही होत नाही. पलीकडे शांता घाडी असते आणि तिच्यासमोर भिजवलेल्या वालाचं पातेलं असतं. हात डाळिंब्या सोलण्यात गुंतले की डोकं थंड राहतं, हे तिचं तिनं शोधून काढलेलं औषध आहे. नाव विचारत नाहीत. नंबर दिसत नाही. फुकट असतं. बोलायचं नसेल तर गप्प बसलं तरी चालतं, समोरचा माणूस फोन धरून बसतो. रडलं तरी चालतं, शिव्या दिल्या तरी चालतात, उद्या परत केला तरी कोणी 'परत तुम्हीच का' म्हणत नाही. जे बोललं ते खोलीबाहेर जात नाही. जीव त्याच क्षणी धोक्यात असेल तेवढा एक अपवाद, आणि तेव्हाही मदत बोलावतात ती सांगून बोलावतात, पाठीमागून नाही. हा डॉक्टर नाही, इथे गोळी मिळत नाही, पण गोळी कुठे मिळते ते सांगतात आणि तिथे जायला धीर देतात. रात्री आठनंतर टेबलं रिकामी असतात. तेव्हा फोन केला तर सरकारच्या चोवीस तासांच्या नंबराची टेप लागते.

आणि सल्ला देत नाहीत. मुलांकडे बघ, आईबापाकडे बघ, तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात किती आहेत बघ, पॉझिटिव्ह विचार कर: फोन करणाऱ्यानं हे सगळं बघून झालेलं असतं. त्याला बघणारं कोणी नसतं, म्हणून तर त्यानं फोन केलेला असतो. शांताला हे पहिल्या आठवड्यात कळलं. तिच्या नात्यातल्या बी.ए., एम.ए. झालेल्या लोकांना अजून कळलेलं नाही, ते दर सकाळी तिला सूर्योदयाचे फोटो पाठवतात.

तिनं संस्थेचं पोस्टर आणून मंडळाच्या फळ्याशेजारी चिकटवलं. कुशाबानं फाडलं. "बाप्पाच्या फळ्याशेजारी मरणाची जाहिरात नको." तिनं दुसरं चिकटवलं. त्यानं तेही फाडलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती भर गॅलरीत म्हणाली, "मरणाची जाहिरात तुम्ही केली होती, कुशाबा. खोटी." कुशाबा आत गेला. पाचवं पोस्टर मात्र भिंतीवर राहिलं.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. मंगळवार, दुपारचे साडेचार. शांताचा फोन वाजला.

"ऐकतोय, बोला."

पलीकडे श्वास होता, शब्द नव्हते. तिनं एक डाळिंबी सोलली, दुसरी सोलली. "मी आहे," ती म्हणाली. "घाई नाही."

दोन मिनिटं गेली असतील.

"नाही म्हणजे कसं आहे..." पलीकडून आवाज आला.

एकतीस वर्षं आवाजांवर काढलेल्या बाईला एवढं पुष्कळ होतं. वर्गणीची सभा असो, विसर्जनाची मिरवणूक असो, नाहीतर कोणाचं बारावं, कुशाबाचं प्रत्येक बोलणं या चार शब्दांनी सुरू व्हायचं. शांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो. चार वर्षं या माणसाला काय काय सुनवायचं हे तिनं भांडी घासताना, बसची वाट बघताना, झोप येत नसताना तोंडपाठ केलं होतं. आणि तो आता तिच्या कानाशी होता आणि त्याला धाप लागली होती.

तिनं वालाचं पातेलं बाजूला सारलं.

"थांबा. आधी मला एक सांगायचंय. मी तुम्हाला ओळखलं. मी शांता घाडी. ओळखीचं माणूस निघालं तर आम्ही सांगतो, असा नियम आहे. तुम्ही म्हणाल तर फोन दुसऱ्याकडे देते आणि मी खोलीबाहेर जाते. तुम्ही ठरवा. फोन मात्र ठेवू नका."

पलीकडच्या टेबलावरून उन्मेषनं मान वर केली.

"माहीत आहे मला तू आहेस," कुशाबा म्हणाला. "मंगळवार-शुक्रवार जातेस. बघूनच केला."

"माझ्याशीच का?"

"बिल्डिंगमध्ये तो शब्द तू एकटीच बोलतेस. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, तुम्ही एवढे कार्यकर्ते, तुम्हाला काय धाड भरली."

शांतानं डोळे मिटले. राग होता तिथेच होता, तसूभर हलला नव्हता. तिनं तो तिथेच राहू दिला आणि विचारलं, "कुशाबा, तुम्ही आत्महत्येचा विचार करताय?"

"हो," कुशाबा म्हणाला.

हे 'हो' तिला एका रविवारी दुपारी हवं होतं. ते आता आलं, भलत्याच माणसाच्या तोंडून. तिचे कान गरम झाले. तिला कुशाबाचा नाही, राजारामचा राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा, स्वच्छ, दोन्ही हातांनी त्याला गदागदा हलवावं असा.

पण तिचं काम समोर होतं. आजच ठरवलंय? हो, आजच. कशानं, ते ठरवलंय? ठरवलंय. ते आत्ता जवळ आहे? नाही, वर घरात. काय होतं ते इथे लिहायचं कारण नाही. कुशाबा तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत दार लावून बसला होता, गणपतीच्या मखराच्या सामानात. वर घरी सून होती, अक्षदा, शिवणाच्या मशीनवर. मुलगा कामाला पनवेलला.

"तुम्ही इथे माझ्याशी बोलत बसा," शांता म्हणाली. "वर जायचं नाही. वर जायचं मनात आलं तर मला सांगायचं."

"बरं."

मग तो बोलला. चाळीस मिनिटं बोलला. कारण एक नव्हतंच. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. झोप सहा महिन्यांपासून नव्हती. एका डोळ्यानं दिसणं कमी झालं होतं, त्यामुळे फळ्यावर लिहिता येत नव्हतं आणि मंडळातल्या पोरांनी फळ्याऐवजी मोबाइलवर ग्रुप काढला होता. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या, आणि तीस वर्षं सगळ्यांची कामं केलेल्या माणसाला सह्या कुठे करायच्या हेसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. शांता मध्येमध्ये 'हं' म्हणत होती. एकदाही 'असं मनाला लावून घेऊ नका' म्हणाली नाही.

"माझ्या थोरल्या भावालाही अॅटॅकच आला होता, शांते," कुशाबा मध्येच म्हणाला.

तिला आधी कळलं नाही.

"चौऱ्याऐंशी साली. मी पंचवीसचा होतो. मीच पहिला पोचलो. वडलांनी माझा दंड धरला, म्हणाले, अॅटॅक म्हणायचं. मी म्हटलं. एक्केचाळीस वर्षं म्हणतोय. बायकोलाही तेच सांगितलं, ती तसंच समजून गेली. तुझ्या राजारामच्या वेळी मला दुसरं काही येतच नव्हतं गं. मला तेवढंच शिकवलं होतं."

या ठिकाणी काय म्हणावं ते पुस्तिकेत आहे. शांता ते म्हणाली नाही.

"मला तुमचा अजून राग आहे," ती म्हणाली. उन्मेषनं कपाळाला हात लावला. "पुष्कळ आहे. आणि तुम्ही मरावं असं मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे."

पलीकडे कुशाबा हसला की रडला ते कळलं नाही. "हे बरं सांगितलंस," तो म्हणाला. "सगळे नुसतं गोड बोलतात."

"अक्षदाला खाली बोलावू या?"

बराच वेळ तो नको म्हणत राहिला. मग, "तिला काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. जमलं नाही तर मी सांगेन. फोन स्पीकरवर ठेवा."

दार उघडल्याचा आवाज आला, अक्षदाला मारलेली हाक आली, जिन्यावरच्या चपला आल्या. "काय झालं, पप्पा? असे का बसलात?" कुशाबा "नाही म्हणजे..." वरच अडकला.

"अक्षदा, मी शांता घाडी. फोनवर आहे. त्यांच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का, ते त्यांना विचार."

"अगं बाई! काहीतरी काय बोलता, मावशी! पप्पा, तसलं काही नाही ना?"

शांताला तव्यावरची भाकरी दिसली. कुशाबाही सभ्य माणूस होता, आयुष्यभर सगळ्यांना हवं ते देत आलेला. तो आता 'नाही' म्हणणार, सून सुटकेचा श्वास टाकणार, आणि तो वर जाणार. तिचा आवाज इतका उतरला की उन्मेष खुर्चीतून उठला.

"अक्षदा. 'ना' काढून विचार."

"म्हणजे?"

"आहे का, असं विचार. उत्तर काहीही येऊ दे. तू तिथेच उभी राहायचं."

अक्षदा रडायला लागली. रडतच तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही मरायचं ठरवलंय?"

"हो गं," कुशाबा म्हणाला.

पुढचं सगळं साधं होतं. ती वस्तू घरातून काढून शेजारी द्यायची. त्यांना मिनिटभरही एकटं सोडायचं नाही. टॅक्सी करून सरळ सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरला बोलवा म्हणायचं. "आणि छातीत दुखतंय असं सांगू नकोस," शांता म्हणाली. "जे आहे ते सांग." अक्षदा "हो, मावशी" म्हणाली आणि फोन बंद झाला.

अशा फोननंतर संस्थेत लगेच दुसरा घेऊ देत नाहीत. उन्मेषनं तिला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शांताताई, कसं वाटतंय?" तिनं पाणी प्यायलं नाही. राजारामला ती लहानपणापासून 'मेल्या' म्हणायची. मेल्या, उठ. मेल्या, जेवून घे. तो गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून गेला होता, कोणासाठीच येत नव्हता. आता आला. "मेल्या," ती भिंतीकडे बघून म्हणाली, "एकदा हो म्हणाला असतास तर काय झालं असतं रे तुझं? मी काय तुला खाल्लं असतं?" 'तुमची चूक नव्हती' असं उन्मेष म्हणाला नाही. त्या दिवसापासून शांताचं त्याच्याविषयीचं मत सुधारलं.

ती घरी पोचली तेव्हा गॅलरीत बायका जमल्याच होत्या. कुशाबाला हॉस्पिटलात नेलं, सून रडत होती, अॅटॅकच असणार. "हो की नाही गं शांता?" सगळ्या चाळीत तो शब्द उच्चारणारी एकटी बाई त्यांच्यासमोर उभी होती आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर जात नाही. सांगायचं की नाही, हे आता फक्त कुशाबाच्या हातात होतं. ती घरात गेली आणि दार इतक्या जोरात लावलं की कॅलेंडर पडलं.

अठराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, कुशाबा तिच्या दारात आला. वाळला होता, पण दाढी केलेली होती. खिशात गोळ्यांची पट्टी दिसत होती. आई खाटेवर बसून विरळ केसांतून कंगवा फिरवत होती. शांतानं त्याला बस म्हटलं नाही.

"नाही म्हणजे कसं आहे," कुशाबा उंबऱ्यावरूनच म्हणाला, "आज संध्याकाळी मंडळाची मीटिंग आहे. मी उभा राहून माझं काय झालं ते सांगणार आहे. तो शब्द उच्चारून सांगणार. माझ्या भावाचंही. आणि तुझी परवानगी असेल तर राजारामचंही सांगतो. की तो अॅटॅक नव्हता, मीच तसं..."

"कुशाबा!" शांता किंचाळली. चार वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

कुशाबाच्या लक्षात आलं. त्यानं खाटेकडे बघितलं. आईचा कंगवा थांबला होता. शांता औषधाच्या डब्याकडे धावली, झाकण निघेना.

"ठेव तो डबो," आई आपल्या मालवणीत म्हणाली. "माका काय होना नाय. माका सगळा म्हायत हा."

"तुला... कोणी सांगितलं?"

"सांगूक कशाक व्हया? मी आवस तेची." म्हातारीचे डोळे कोरडे होते आणि आवाज शांताचाच होता, तसाच उतरलेला. "चार वर्सा झाली. तू त्या फोनार बसान गावभरच्या लोकांका इचारतस. माका इचारलंस कधी?"

शांता डबा धरून उभी राहिली. दारात कुशाबा उभा होता, त्याला आत येता येईना आणि जाताही येईना.

"मी रडाक मोरीत जातंय," आई म्हणाली. "सकाळी पाणी येता तेव्हा. नळ सोडून रडतंय. तुका आयकाक येव नये म्हणान."